डोळ्यांखालचा फुगवटा: पाणी, चरबी की नुसती सावली?

प्रश्न: माझं वय ३८. डोळ्यांखाली पिशव्या आल्यासारखा फुगवटा आहे. सात-आठ तास झोपते, पाणी भरपूर पिते, दोन आय क्रीम वापरून झाली, तरी भेटेल तो विचारतो, ‘झोप झाली नाही का?’ वडिलांनाही असंच आहे. सकाळी जास्त दिसतं, संध्याकाळी कमी होतं, पण पूर्ण जात नाही. डोळ्यांना अधूनमधून खाज येते. एका ठिकाणी फिलरचं, म्हणजे भराव घालणाऱ्या जेलचं, इंजेक्शन घ्या म्हणाले, दुसरीकडे ऑपरेशन सुचवलं. शिवाय माझ्या पाच वर्षांच्या मुलाचे डोळेही हल्ली सकाळी सुजलेले दिसतात. हे आमच्या घराण्यातच असेल का?

उत्तर: तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते. बाकीचं सगळं महिनाभर थांबलं तरी चालेल, हे थांबवू नका. आनुवंशिक पिशव्या पाचव्या वर्षी ‘हल्ली’ सुरू होत नाहीत. बहुतेक मुलांमध्ये अशी सूज ॲलर्जी, सर्दी किंवा डोळे चोळण्यामुळे येते. पण नेफ्रॉटिक सिंड्रोम नावाचा मूत्रपिंडाचा आजारही नेमका याच वयात दिसतो आणि त्याची पहिली खूण बहुधा हीच असते. त्यात लघवीवाटे प्रथिनं वाहून जातात, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी होतं आणि पाणी ऊतींमध्ये साचायला लागतं. रात्री आडवं असताना ते पापण्यांत जमतं. दिवसभरात खाली उतरतं, त्यामुळे दुपारी चेहरा बरा दिसतो आणि घरचे निर्धास्त होतात. अशी मुलं कित्येकदा ॲलर्जीचं औषध घेत राहतात आणि निदान लांबतं.

म्हणून चार गोष्टी बघा. लघवीला फेस येतो का, लघवी कमी झाली आहे का, मोजे काढल्यावर पायावर खोल वळ उमटतात का, चड्डीचं इलॅस्टिक अचानक घट्ट व्हायला लागलंय का. यातलं काही दिसलं नाही तरीही एक-दोन दिवसांत बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्या. तपासणी अगदी साधी आहे. ती नॉर्मल आली तर ॲलर्जीचा विचार निवांत करता येईल. आजार निघालाच, तरी बहुतेक मुलांना औषधांनी उतार पडतो. मात्र ती औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली नेमाने द्यावी लागतात.

आता तुमच्याकडे वळते.

मी पापण्यांच्या शस्त्रक्रिया करते, त्यामुळे लोकांना वाटतं की मी लगेच ऑपरेशनचीच भाषा करणार. खरं तर माझा बराचसा वेळ फुगवटा कशाचा आहे हे ठरवण्यातच जातो. ‘डोळ्यांखाली पिशव्या’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात चरबी, पाणी आणि सावली अशा तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि तिघींचे उपाय एकमेकींना लागू पडत नाहीत. एवढंच नाही, एकीचा उपाय दुसरीला बिघडवू शकतो. तुम्हाला दोन ठिकाणी दोन सल्ले मिळाले, त्याचं मूळ इथेच असण्याची शक्यता आहे.

खालच्या पापणीची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. पापणीची कातडी म्हणजे शरीरातली सर्वांत पातळ. तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नसतोच, लगेच डोळा मिटणारा स्नायू लागतो. त्याच्यामागे एक पातळ पडदा, आणि पडद्यामागे चरबीच्या तीन गाद्या: एक नाकाकडची, एक मधली, एक कानाकडची. या गाद्या प्रत्येकाला असतात, नेत्रगोलाला त्यांचाच आधार असतो. वय वाढतं तसा तो पडदा सैलावतो. काहींचा मुळातच नाजूक असतो आणि मग गाद्या विशी-तिशीतच पुढे डोकावतात. वडिलांकडून तुमच्याकडे आलं असेल तर बहुधा हेच. ‘चरबी वाढली’ असं लोक म्हणतात, पण बऱ्याचदा चरबी होती तेवढीच असते, तिला धरून ठेवणारं ढिलं पडलेलं असतं. त्यामुळे वजन कमी करून ती जाईल ही आशा फारशी खरी ठरत नाही. उलट गाल उतरले की पिशव्या जास्त उठून दिसतात.

दुसरी गोष्ट पाणी. जागेपणी आपण सतत पापण्यांची उघडझाप करतो. दर वेळी तो स्नायू आखडतो आणि पापणीतला द्राव पुढे लसीकावाहिन्यांत, म्हणजे जादा द्राव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, ढकलला जातो. झोपेत हे पंपिंग बंद, त्यात डोकं आणि हृदय एका पातळीवर. कातडी इतकी पातळ आणि सैल की थोडासा द्राव साचला तरी दिसतो. उठून तास-दोन तास वावरलं की तो ओसरतो. रात्रीचं खारट जेवण, मद्य, रडणं, पाळीच्या आधीचे दिवस, अपुरी झोप, पालथं झोपणं, या सगळ्यांनी त्यात भर पडते.

तिसरी गोष्ट म्हणजे सावली. नाकाच्या बाजूने गालाकडे तिरकी उतरणारी एक खाच असते. ती खोल झाली की तिच्या वरचा भाग फुगल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात वर फुगलेलं काहीच नसतं, खाली खड्डा पडलेला असतो. लिफ्टमधल्या छताच्या दिव्याखाली चेहरा थकलेला आणि खिडकीसमोर ठीक दिसत असेल, तर सावलीचा वाटा मोठा आहे असं समजा.

हे घरी तपासता येतं. खिडकीकडे तोंड करून आरसा समोर धरा. डोकं अजिबात न हलवता फक्त नजर छताकडे न्या. चरबी असेल तर गाद्या पुढे येतात आणि वेगवेगळे दोन-तीन उंचवटे स्पष्ट दिसतात. नजर खाली आणली की ते बसतात. पाण्याच्या सूजेत नजर फिरवल्याने असा फरक पडत नाही. तिची कडही धूसर असते, कधी ती डोळ्याखालचं हाड ओलांडून गालावर उतरते. चरबीचा फुगवटा मात्र त्या हाडाच्या कडेपाशी थांबतो. आणखी एक बघा: पापणीच्या केसांना अगदी लागून, हसताना उठून दिसणारी बारीक वळी असेल तर तो स्नायू आहे. ती नैसर्गिक आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. गालफडाच्या हाडावर, म्हणजे बरीच खाली, अर्धचंद्रासारखी सूज असेल तर तो वेगळाच प्रकार. तो क्रीमने जात नाही आणि ऑपरेशनलाही सहजासहजी दाद देत नाही.

यापेक्षाही उपयोगाची गोष्ट म्हणजे फोटो. एक आठवडा रोज दोन फोटो काढा, एक उठल्या उठल्या, एक संध्याकाळी. जागा तीच, उजेड शक्यतो तसाच, फोन डोळ्यांच्या उंचीवर, मेकअप नाही. सोबत दोन शब्दांची नोंद ठेवा: रात्री काय खाल्लं, किती झोपलात, डोळे खाजले का. सकाळ आणि संध्याकाळ यांत जो फरक आहे तेवढा भाग पाण्याचा. तो सवयींनी, औषधांनी कमी होतो. संध्याकाळच्या फोटोत जे उरतं ते चरबीचं किंवा खाचेचं असतं. त्यावर कुठलंही क्रीम चालत नाही.

तुमच्या वर्णनावरून अंदाज सांगायचा तर तुमच्यात दोन्ही आहे. खाली आनुवंशिक चरबीचा कायमचा थोडा फुगवटा, त्यावर रोज सकाळी चढणारी सूज. आणि ही सूज चढवणारं एक कारण तुम्ही जाता जाता लिहिलं आहे, ते म्हणजे खाज.

खाजेकडे सगळेच दुर्लक्ष करतात, म्हणून इथे जरा थांबते. डोळा खाजला की आपण चोळतो. चोळल्याने पापणीतल्या पेशींतून हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन आणखी सुटतं, बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, सूज वाढते, खाजही वाढते. दिवसा हे लक्षात तरी येतं. झोपेत किंवा पहाटे चोळलेलं आठवतही नाही, आणि सकाळी आरशात सूज दिसते. वर्षानुवर्षं चोळल्याने कातडी काळवंडते, सैल पडते. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा आकार बिघडवणाऱ्या केराटोकोनस या आजाराशीही चोळण्याचा संबंध आहे. कारणं शोधायची तर धूळ, धुळीतले सूक्ष्म किडे, परागकण, पाळीव प्राणी ही नेहमीची यादी. पण पापणीला स्पर्शाची ॲलर्जीही होते आणि ती ओळखायला अवघड जाते, कारण वस्तू लावलेली असते भलतीकडेच. नेलपॉलिश नखांना असतं, पण बोटं डोळ्यांना लागतात आणि पुरळ नखांशी न येता पापणीवर येतं. केसांचा रंग, सुगंधी शाम्पू, खोट्या पापण्यांचा गोंद, डोळ्यांच्या थेंबांतलं प्रिझर्व्हेटिव्ह, आणि हो, आय क्रीमसुद्धा. फुगवट्यासाठी आणलेल्या क्रीमनेच फुगवटा टिकून राहिलेला मी बऱ्याचदा पाहिला आहे.

तेव्हा सुरुवात अशी करा. दोन्ही क्रीम, डोळ्यांचा मेकअप आणि नेलपॉलिश तीन-चार आठवडे पूर्ण बंद. चेहऱ्याला साधा बिनवासाचा मॉइश्चरायझर पुरे. उशीचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवा. खाज आली की चोळण्याऐवजी थंड पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ फडकं मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. त्याने भागत नसेल तर ओलोपॅटाडिन किंवा किटोटिफेनसारखे ॲलर्जीचे थेंब असतात, ते नेत्रतज्ज्ञांना दाखवून घ्या. नुसती लाली घालवणारे थेंब रोज वापरू नका. थेंब थांबवल्यावर लाली पुन्हा उसळते.

पाण्याच्या सूजेवर उशीची उंची हा सर्वांत कमी कष्टाचा उपाय. दोन उशा मानेखाली कोंबल्या तर फक्त मान दुखते. पलंगाची डोक्याकडची बाजूच दहा-पंधरा सेंटिमीटर उचला किंवा पाठीपासून वर उतार देणारी उशी घ्या, म्हणजे छाती आणि डोकं दोन्ही वर राहतात. एकाच डोळ्याखाली सूज जास्त असेल तर आपण कुठल्या कुशीवर झोपतो ते आठवा. घरात कुणी मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल आणि पापण्या सैल, सुजलेल्या असतील तर त्यांनी स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घ्यावी. अशा सैल पापण्या आणि तो आजार एकत्र येताना दिसतात.

मिठाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी अशी आहे, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी. पाकीटबंद पदार्थांतूनही बरंच मीठ नकळत पोटात जातं. प्रत्येकाला मिठाने सारखी सूज येत नाही, तुम्हाला येते का ते फोटो आणि नोंदी सांगतीलच. भरपूर पाणी प्यायल्याने सूज ‘धुऊन जाते’ हा समज मात्र सोडून द्या. तहानेपुरतं प्या.

सकाळची थंड पट्टी खरंच काम करते. पाच ते दहा मिनिटं ठेवा, बर्फ कातडीवर थेट टेकवू नका. काकडी, थंड टी बॅग, फ्रिजमधला चमचा, धातूचा रोलर या सगळ्यांमागे मुख्य करामत थंडाव्याचीच आहे. कॅफीन रक्तवाहिन्या थोड्या आकसवतं, त्यामुळे कॅफीनच्या जेलने काही तास जरा बरं दिसतं. पण त्यातही जेलच्या गारव्याचा वाटा मोठा असतो. मसाज करायचाच तर मोरपीस फिरवल्यासारखा, नाकाकडून कानाकडे आणि तिथून मानेकडे. जोर लावला की चोळण्याचेच तोटे.

क्रीमबद्दल थोडक्यात: रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चा एक प्रकार) कातडी थोडी घट्ट करतं, बारीक सुरकुत्या कमी करतं, त्याला किमान तीन महिने लागतात, आणि ते चरबी जागची हलवत नाही. तुमच्या डोळ्यांची खाज पूर्ण थांबेपर्यंत ते सुरू करू नका, गरोदरपणात तर नकोच. उन्हात गॉगल आणि सनस्क्रीन मात्र कायम ठेवा, कातडी सैल पडण्याचा वेग त्याने कमी होतो. धूम्रपान तो वेग वाढवतं.

तीन गोष्टी कुणी कितीही सुचवल्या तरी करू नका. एक, घरात पडून असलेलं स्टेरॉइडचं मलम पापणीला लावणं. दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं, म्हणून लोक लावत राहतात. त्याने कातडी आणखी पातळ होते आणि डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. दोन, मूळव्याधीचं मलम. हा सल्ला कुठून कुठून फिरत येतो कोण जाणे. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड किंवा रक्तवाहिन्या आकसवणारं औषध असतं आणि ते डोळ्याजवळ वापरण्यासाठी बनवलेलं नसतं. तीन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या मनाने घेणं. क्षारांचा तोल बिघडतो आणि गोळी थांबवली की सूज परत येते.

तुमचा त्रास जुना आणि दोन्ही बाजूंना सारखा असेल, तर मला घाबरण्यासारखं काही दिसत नाही. तरी आजवर केली नसेल तर एकदा लघवीतली प्रथिनं, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि रक्तदाब तपासून घ्या. थायरॉइड मंदावला की चेहरा थुलथुलीत होतो, थंडी सोसत नाही, आवाज घोगरा होतो. ग्रेव्हज या थायरॉइडच्याच दुसऱ्या आजारात पापण्या सुजतात, वरची पापणी मागे ओढली जाऊन टक लावून पाहिल्यासारखं दिसतं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं. रक्ताचे आकडे नॉर्मल असतानाही डोळ्यांची लक्षणं आधी येऊ शकतात. एकच डोळा सुजून लाल झाला, दुखतो आहे, ताप आहे, दोन-दोन दिसतं, डोळा पुढे आल्यासारखा वाटतो किंवा फिरवताना दुखतो, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. पापण्यांबरोबर ओठ किंवा जीभ सुजली तर तासभरही थांबू नका. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना अशी सूज गोळी सुरू करून बरेच महिने झाल्यावरही येऊ शकते.

आता फिलर की ऑपरेशन. फिलर भरायचं असतं खड्ड्यात. ज्याची अडचण मुळात खाच आहे, कातडी बरी आहे आणि सूज येत नाही, त्याला ते शोभतं. तिथे वापरतात ते हायल्युरॉनिक ॲसिड पाणी धरून ठेवतं. ज्याच्या पापण्या रोज सकाळी सुजतात त्याला ते दिल्यावर सूज वाढलेली, कधी काही महिन्यांनंतरही वाढलेली दिसते. कातडीच्या फार जवळ पडलं तर निळसर झाक येते. हायल्युरॉनिडेज टोचून ते विरघळवता येतं, ही जमेची बाजू. पण सुई रक्तवाहिनीत गेली आणि फिलर डोळ्याच्या धमनीपर्यंत पोचलं तर दृष्टी कायमची जाऊ शकते. हे फार क्वचित होतं, म्हणून कुणी त्याबद्दल बोलत नाही. ‘अर्ध्या तासात होऊन जाईल’ असं सांगणाऱ्याला एवढंच विचारा: हायल्युरॉनिडेज इथे हाताशी आहे का, आणि नजर गेली तर तुम्ही पहिल्या दहा मिनिटांत काय कराल? तुमच्या बाबतीत सध्या माझं मत फिलर नको असंच आहे.

संध्याकाळी उरणारा फुगवटा चरबीचा असेल आणि तो तुम्हाला खुपत असेल, तर ऑपरेशन हा त्यावरचा खरा उपाय. तुमच्या वयात कातडी फार सैल नसते, म्हणून पापणीच्या आतल्या बाजूने छेद घेता येतो, बाहेर व्रण दिसत नाही. पूर्वी चरबी सढळ हाताने काढून टाकत. काही वर्षांनी डोळे खोल गेलेले दिसायचे आणि माणूस अधिकच म्हातारा वाटायचा. आता शक्य तिथे ती चरबी खालच्या खाचेतच सरकवून बसवतात, उंचवटा बसतो आणि त्याच वेळी खड्डाही भरून निघतो. दहा-चौदा दिवस निळे-जांभळे डाग राहतात, सूज ओसरायला काही आठवडे लागतात, आणि निकाल तीन महिन्यांनीच बघायचा असतो. डोळे कोरडे असतील तर ते आधी सुधारावे लागतात. खालची पापणी बोटाने खाली ओढून सोडली की ती झटकन परत बसायला हवी. रेंगाळत असेल तर ऑपरेशननंतर पापणी खाली ओढली जाण्याचा धोका असतो आणि तिला आधार देणारा टाका जोडीला घ्यावा लागतो. तुम्ही घेत असलेलं प्रत्येक औषध सर्जनला सांगा, ॲस्पिरिन, फिश ऑइल आणि व्हिटॅमिन ई धरून, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पण डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी स्वतःहून बंद करू नका. ऑपरेशननंतर वेदना अचानक वाढली, डोळा टणक वाटू लागला किंवा अंधुक दिसू लागलं तर सकाळची वाट न पाहता रात्रीच फोन करा. डोळ्यामागे रक्त साचलं असेल तर दृष्टी वाचवायला एक-दोन तासच हातात असतात.

म्हणजे क्रम असा: मुलाची तपासणी एक-दोन दिवसांत. तुमची क्रीम आजपासून बंद, खाजेवर इलाज, फोटो. चार-सहा आठवड्यांनी पुन्हा एक आठवडा फोटो काढा आणि फक्त संध्याकाळचे शेजारी ठेवून बघा. तेवढा फुगवटा चालण्यासारखा वाटला तर इथेच थांबा. नसेल चालत तर ते फोटो घेऊन पापण्यांच्या शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या सर्जनकडे जा. जाताना एक लक्षात असू द्या: डोळ्यांखालचा काळसर रंग कातडीतल्या रंगद्रव्याचा असेल तर चरबी काढूनही तो तसाच राहील, त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांना वेगळं भेटावं लागेल.